रिमोट घेतो

सरांच्या फोनमध्ये त्या रविवारी मला केलेले तीन कॉल दिसतात. २ वाजून ११ मिनिटांनी, २.१४ ला आणि २.२० ला. तिन्ही मी उचलले नाहीत. जेवून आडवा झालो होतो आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. चौथा कॉल २.२६ चा आहे, १८०० ने सुरू होणाऱ्या एका नंबरवर. तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

डोंबिवली पूर्वेला माझा गाळा आहे. २००४ पासून कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि प्रिंटर दुरुस्त करतो. अलीकडे सीसीटीव्हीही बसवून देतो, कारण नुसत्या कॉम्प्युटरवर आता भागत नाही. माझं गिऱ्हाईक बहुतेक साठीच्या पुढचं. तरुण पोरं लॅपटॉप बिघडला की व्हिडिओ बघून स्वतःच उघडतात आणि उरलेले स्क्रू पिशवीत घालून माझ्याकडे आणतात. ज्येष्ठांचं तसं नसतं. मशीन जरा हँग झालं की त्यांचा फोन येतो, 'अरे, येतोस का जरा?' जाऊन बघावं तर कॅप्स लॉक चालू राहिलेला असतो. चहा होतो, मुलाचे अमेरिकेतले फोटो बघून होतात आणि मी परत येतो. असल्या फेरीचे पैसे मागता येत नाहीत.

सर हे त्यांतलेच, निवृत्त मुख्याध्यापक. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. बाई गेल्यापासून एकटेच असतात. सोसायटीची सगळी पत्रं तेच टाइप करतात, मराठीत आणि शुद्धलेखनासकट. त्या रविवारी संध्याकाळी सोसायटीची सभा होती आणि प्रिंटर कागद ओढत नव्हता. मला तीन फोन करून झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर प्रिंटरचं नाव आणि पुढे 'हेल्प' असं टाइप केलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं, आणि पडदा लाल-निळा झाला. भोंगा वाजायला लागला. एक बाई इंग्रजीत सांगू लागली, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, तुमची बँकेची माहिती चोरीला जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब खालील क्रमांकावर संपर्क साधा.

"बंद का नाही केलात सर?" मी नंतर विचारलं.

"बंद करू नका असं स्पष्ट लिहिलं होतं ना."

ज्या माणसाने छत्तीस वर्षं मुलांना 'प्रश्नपत्रिकेवरील सूचना नीट वाचा' असं सांगितलं, तो पडद्यावरची सूचना मोडणार कशी?

त्या पडद्यात खरं तर काहीच नसतं. ते एक वेबपेज असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं. वरची पट्टी आणि खालचा टास्कबार झाकला जातो, त्यामुळे मशीन अडकल्यासारखं वाटतं. भोंगा म्हणजे त्या पानावर चालवलेली ध्वनिफीत. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरलं तर बहुतेक वेळा पान लहान होतं. नाही झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण मशीन बंद होईपर्यंत दाबून ठेवायचं. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर विचारतो, मघाची पानं परत उघडू का? त्याला नको म्हणायचं. एवढ्या कामाला मी कुणाकडून दहा रुपयेही घेतले नसते.

पलीकडचा मुलगा हिंदीत बोलत होता. वाक्यावाक्याला 'सर' म्हणत होता. त्याने प्रिंटरचं काही विचारलंच नाही. म्हणाला, मशीन बघावं लागेल, रिमोट घेतो, त्यासाठी एक ॲप लागेल, लाल रंगाचं चिन्ह असलेलं. सर म्हणाले, ते आहे माझ्याकडे. तो म्हणाला, "बहुत बढ़िया सर!"

ते ॲप मी टाकलं होतं.

लॉकडाउनमध्ये, २०२० साली, कुणाच्या घरी जाता येत नव्हतं. मुलांचं वर्क फ्रॉम होम, नातवंडांच्या ऑनलाइन शाळा, आणि मशीनं नेमकी तेव्हाच रुसलेली. मी फोनवरून एकेकाला ते ॲप उतरवायला लावलं. चाळीसच्या वर घरं झाली. त्या काळात माझं घर त्यावरच चाललं. ॲपमध्ये वाईट काही नाही. माझ्यासारखे हजारो जण रोज ते वापरतात. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना अशा रिमोट ॲपवरून होणाऱ्या चोऱ्यांबद्दल सावध केलं होतं. ती बातमी मी तेव्हा वाचलेली होती. तरी लॉकडाउन संपल्यावर एकाही मशीनवरून मी ते काढलं नाही. उद्या पुन्हा फोन आला तर जिना चढायला नको, एवढाच विचार होता.

पुढचं फार नवीन नाही. त्याने काळ्या खिडकीत भराभरा पळणाऱ्या ओळी दाखवल्या. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्यातली लाल खुणांची यादी दाखवली आणि सांगितलं, हे सगळे हॅकर. मग म्हणाला, बँक सुरक्षित आहे का ते बघून घेऊ, नेट बँकिंग उघडा. मोबाइलवरही तसंच एक ॲप टाकायला लावलं. त्यामुळे येणारे ओटीपी सरांनी कुणाला सांगावेच लागले नाहीत, ते त्याला दिसत होते. मध्येच पडदा काळा झाला, 'स्कॅनिंग चालू आहे' असं सांगण्यात आलं, आणि सर वीस मिनिटं हात मांडीवर ठेवून बसून राहिले. चार व्यवहारांत १ लाख ८४ हजार रुपये गेले.

४.०५ ला सरांचा पुन्हा फोन आला, तो मी उचलला. आधी राउटर बंद करायला सांगितलं, मग मोबाइलचा डेटा, आणि स्कूटर काढली. त्यांच्या घरातून १९३० लावला. लागेना. सहाव्या प्रयत्नाला लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारून घेतली. या नंबरामागची यंत्रणा २०२१ पासून आहे. तेव्हा नंबर १५५२६० होता, पुढे १९३० झाला. तक्रार नोंदली की ज्या ज्या बँकेत पैसा पुढे सरकला तिथे तो रोखून धरायची विनंती जाते. पैसा एका खात्यात थांबत नाही, दोन-तीन उड्या मारून एटीएममधून बाहेर पडतो. त्यामुळे सगळा हिशेब मिनिटांचा असतो. आमचे ६१ हजार कुठल्याशा खात्यात अडकवले गेले. उरलेले निघून गेले होते.

सगळे फोन झाल्यावर मी पाणी प्यायलो. सर खुर्चीत बसले होते. म्हणाले, "अगदी तू बोलतोस तसंच बोलत होता तो."

याला उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. मी फोनवर कसा बोलतो ते मला माहीत आहे. 'काही टेन्शन घेऊ नका. मी सांगतो तेवढंच करा. आता एक खिडकी येईल, येस म्हणा. पुन्हा येस. नऊ-दहा आकडी नंबर दिसतोय? तो सांगा. ॲक्सेप्ट करा. आता माउसला हात लावू नका.' वीस वर्षं मी हेच बोलत आलो. कशावर येस म्हणायचं आणि का, हे कधी सांगितलं नाही. सांगत बसायला वेळ नसतो हे एक कारण. दुसरं कारण कबूल करायला जड जातं. गिऱ्हाइकाला सगळं कळलं तर आमचे पैसे कशाचे? मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे आठ-दहा प्रोग्रॅम बंद केले की ते पळायला लागतं. पाच मिनिटांचं काम. 'काका, व्हायरस होता, काढला,' असं म्हणून तीनशे रुपये मीही घेतले आहेत. एकदा नाही, अनेकदा. 'व्हायरस' म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही, हे त्या पोराच्या कितीतरी आधी मला ठाऊक होतं.

हा धंदा दुसऱ्या टोकाकडून कसा दिसतो, तेही मी ऐकलं आहे. माझ्याकडे हेल्पर म्हणून असलेला एक मुलगा २०१५ च्या सुमारास कॉल सेंटरमध्ये लागला. पगार माझ्या तिप्पट, वर इन्सेंटिव्ह, रात्रपाळीला गाडी. गिऱ्हाइकं अमेरिकेतली. दीड महिन्यात सोडून आला. त्याने सांगितलं, तिथे आधी 'ओपनर' बोलतो, तो घाबरवतो. मग फोन 'क्लोजर'कडे जातो, तो धीर देतो आणि पैसे काढतो. घाबरवणारा वेगळा, धीर देणारा वेगळा. कागदावर सगळी वाक्यं लिहिलेली, समोरच्याने काय म्हटलं की काय म्हणायचं, तेही.

त्याने मला दाखवलेली एक युक्ती मी कारागीर म्हणून विसरू शकत नाही. काळ्या खिडकीत एक साधी आज्ञा दिली की लांबलचक यादी येते आणि शेवटाकडे ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक क्रमांक दिसतो. फोनवरचा म्हणतो, हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास परवाना क्रमांक, आमच्याकडे नोंदलेला आहे, वाचतो, तुम्ही ताडून बघा. समोरचा एकेक अक्षर ताडतो. तंतोतंत जुळतं. मग अविश्वास कशाला दाखवायचा? तो क्रमांक जगातल्या सगळ्या विंडोज मशीनवर तोच असतो. माझ्या गाळ्यातल्या पाच मशीनवर त्याने एकामागून एक काढून दाखवला. लाल खुणांचंही तसंच. कालच विकत घेतलेल्या मशीनमध्येही त्या असतात. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी विंडोज नोंद करून ठेवतं.

पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली मुलं अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना धमकावत होती आणि दंड गिफ्ट कार्डांवर वसूल करत होती. छाप्याच्या रात्री सातशेच्या आसपास लोकांना ताब्यात घेतलं गेलं. आमच्या पोराने ती बातमी दुकानात उभ्याने वाचली आणि काही न बोलता प्रिंटरचा रोलर साफ करत राहिला. त्याचं सेंटर ते नव्हतं, पण त्यातली दोन-चार पोरं त्याच्या ओळखीची निघाली. या जातीचा धंदा त्या छाप्यांनी थांबला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारीवरून नोंदवलेले बनावट टेक सपोर्टचे गुन्हेही होते.

तिकडच्या गिऱ्हाइकाचं मशीनही एकदा माझ्या टेबलावर आलं. न्यू जर्सीला मुलाकडे राहून परतलेल्या एका काकूंचा लॅपटॉप. चालू केला की विंडोजच्या आधीच एक पासवर्ड मागायचा. तिकडे त्यांना 'मायक्रोसॉफ्टमधून' फोन आला होता. पैसे द्यायला त्यांनी नकार दिल्यावर त्या माणसाने चिडून कुलूप घालून ठेवलं. तेव्हाच्या विंडोजमध्ये 'सिसकी' नावाची सोय होती, तिचा असा वापर व्हायचा. विंडोज १० मध्ये २०१७ साली ती काढून टाकली गेली. रजिस्ट्रीची जुनी प्रत फोल्डरमध्ये शिल्लक होती, ती जागेवर आणून मी कुलूप काढलं. ती पुसली गेली असती तर सगळं फॉरमॅट मारावं लागलं असतं. काकूंना मी विचारलं, एवढा वेळ फोनवर बोलत कशा राहिलात? म्हणाल्या, "अरे, इंग्रजी बोलत होता, पण आपल्याकडचाच मुलगा वाटला. परक्या देशात बरं वाटलं जरा."

लोक म्हणतात, म्हाताऱ्यांना कळत नाही म्हणून ते फसतात. मला हे पटत नाही. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने १६ देशांत पाहणी केली होती. तीत भारतातल्या १०० पैकी ६९ जणांना वर्षभरात असला फोन, पडदा किंवा ईमेल आला होता, आणि पैसे घालवणाऱ्यांत तरुण भरपूर होते. माझ्या गाळ्यावर आलेला सगळ्यात मोठा आकडा एका आयटीतल्या मुलाचा आहे, सर त्याच्या निम्म्यावरही नाहीत. फरक इतकाच की तो मुलगा ते हसत सांगू शकला. सर दोन दिवस जेवले नाहीत.

"मुलाला सांगू नकोस," ते मला म्हणाले. मुलगा बेंगळुरूला असतो. त्याला कळलं तर तो नेट बँकिंग बंद करायला लावेल, सगळे व्यवहार स्वतःकडे घेईल, ही भीती. पैशापेक्षा ती मोठी होती. बँकेत आम्ही दोघं गेलो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सरांनी छापून नेलं होतं आणि लाल शाईने अधोरेखित केलं होतं. ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भार नाही. पण ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने माहिती उघड केली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. काउंटरवरच्या मुलाने दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. सर म्हणाले, "बरोबर आहे. लिहिलेलं आहे." भांडले नाहीत. मी तिथे थोडं भांडलो, आणि भांडताना आठवत होतं की ते ॲप कुणी टाकलं होतं.

त्यानंतरचे दोन महिने मी संध्याकाळी घरं फिरलो. जुन्या वहीतून नावं काढली आणि एकेका मशीनवरून रिमोटचं ॲप उडवलं. आता लागेल तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर टाकायचं आणि काम झालं की काढायचं. लोकांना हे काही आवडलं नाही. 'अरे, राहू दे ना, परत लागलं तर?' आठ-दहा जणांच्या मोबाइलवरही तसली ॲप सापडली. विजेचं बिल थकलं म्हणून आलेल्या मेसेजवरून, कुरिअरचा पत्ता चुकला म्हणून. एका आजींच्या फोनमध्ये बँकेच्या नावाची एक एपीके फाइल होती, त्यांचे सगळे मेसेज दुसरीकडे पाठवणारी. खात्यात पेन्शन यायला तीन दिवस होते, म्हणून वाचल्या.

जाईन तिथे मी एक नियम सांगत होतो, 'आपणहून आलेल्या फोनवर विश्वास ठेवू नका.' चौथ्या-पाचव्या घरी माझ्या लक्षात आलं की हा नियम सरांना वाचवू शकला नसता. सरांना कुणी फोन केलाच नव्हता, त्यांनी स्वतः लावला होता. प्रश्न नंबर कुठून आला याचा आहे. विंडोजचा खरा इशारा तुम्हाला कधीही फोन नंबर देत नाही, कुणाला फोन करा असं सांगत नाही. पडद्यावर नंबर दिसला तर तो पडदाच खोटा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, प्रिंटरचा त्याच्या खोक्यावर किंवा पुस्तिकेत, माझा वहीत. शोधून सापडलेला नंबर लावायचा नाही, मग तो कितीही वर आलेला असो. हे मी कागदावर छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवून आलो. सरांनी त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून दिल्या, मग सगळे कागद पुन्हा छापले.

आणि आता मी रिमोट घेतो तेव्हा बोलतो. ही खिडकी काय आहे, येस म्हटल्यावर मला काय काय दिसणार आहे, लाल बटण दाबून मला बाहेर कसं काढायचं. पहिल्यांदा बाहेर काढून दाखवायला लावतो, मगच काम. दहा मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं लागतात. 'व्हायरस होता' हे वाक्य सोडलं. स्टार्टअपचे प्रोग्रॅम बंद केले असं सांगून दीडशे रुपये घेतो. काही जण म्हणतात, एवढ्याचे दीडशे? हे ऐकून घ्यावं लागतं.

मध्यंतरी सरांच्या यूपीएसची बॅटरी आली होती, म्हणून दुकानाच्या नव्या नंबरवरून त्यांना फोन केला. "सर, मी बोलतोय, तुमची..." एवढंच झालं आणि फोन कट. दोन मिनिटांनी माझ्या जुन्या नंबरवर, वहीतल्या, त्यांचा फोन आला. "आत्ता तू केला होतास का? हं. मग बोल." मुलाला त्यांनी पुढे स्वतःच सगळं सांगितलं. नेट बँकिंग चालू आहे, मर्यादा कमी करून घेतली आहे. अडकवलेले ६१ हजार परत यायला कोर्टाचा आदेश लागला, त्यात सात महिने गेले. बाकीचे आले नाहीत.

तुमच्या घरी कुणी ज्येष्ठ असतील तर १९३० हा नंबर गॅसच्या पुस्तकावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचाही. रविवारी दुपारी तो झोपलेला असेल. पडद्यावर काहीही आलं, कितीही भोंगा वाजला, तरी पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा आणि तसंच ठेवा. सोमवारी साडेदहाला मी गाळा उघडतो.